फितीवरचे सांधे

तबकडीकडे आपण अजूनही मैफलीचा फोटो म्हणूनच बघतो. एखाद्या गवयाचं जुनं ध्वनिमुद्रण हाती लागलं की पहिला प्रश्न असतो, हे कुठल्या मैफलीतलं? स्टुडिओतलं आहे म्हटलं की ऐकणारा जरा खट्टू होतो. 78 फेऱ्यांच्या तबकड्यांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग उरकायला लावला, तेव्हापासून ध्वनिमुद्रण म्हणजे तडजोड ही समजूत आपल्या कानात मुरलेली आहे. जॅझच्या रसिकांचंही साठच्या दशकाच्या अखेरीपर्यंत याहून फार वेगळं नव्हतं. वादक जमायचे, वाजवायचे, त्यातलं चांगलं निवडलं जायचं आणि रेकॉर्ड निघायची. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ 1959 साली अशीच जमून आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली.

दहा वर्षांनी त्याच माइल्सने हा सगळा व्यवहार उलटा केला. 18 फेब्रुवारी 1969 रोजी न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या स्टुडिओत ‘इन अ सायलेंट वे’चं मुद्रण झालं. हर्बी हँकॉक, चिक कोरिया आणि जो झाविनुल असे तिघे विजेवर चालणाऱ्या कीबोर्डांवर होते. गिटारला जॉन मॅक्लॉक्लिन, इंग्लंडहून नुकताच आलेला. शीर्षक-धून झाविनुलची. तिच्यात कॉर्ड्सची भरपूर ये-जा होती. माइल्सने ती सगळी काढून टाकली आणि धून एकाच सुरावर ठेवली. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे लगेच आपलंसं वाटतं. पण खरी गंमत पुढे आहे. ही धून तबकडीच्या दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला येते आणि शेवटी परत येते, ती वादकांनी पुन्हा वाजवलेली नाही. निर्माता टिओ मसेरोने तोच फितीचा तुकडा पुन्हा जोडला. पहिल्या बाजूवरही हेच केलं आहे. पहिल्यांदा कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. मग पुन्हा ऐकलं. सूर तेच, श्वास तोच, सेकंदाचाही फरक नाही, पण मधल्या दहा-बारा मिनिटांतून गेल्यावर तेच सूर जड होऊन येतात. समेवर परत आल्यावर सम तीच असते, आपण तेच नसतो, तसं काहीसं.

मसेरो स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा, ज्युलियार्डमध्ये शिकलेला संगीतकार होता. डेव्ह ब्रूबेकच्या ‘टाइम आउट’चा निर्माताही तोच. 19 ऑगस्ट 1969ला, म्हणजे वुडस्टॉकचा संगीत महोत्सव आटोपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, माइल्सने दोन-दोन ड्रमवाले, दोन बासवाले, तीन कीबोर्ड आणि बेनी मॉपिनचा बास क्लॅरिनेट असा गोतावळा जमवून तीन दिवस वाजवून घेतलं. लिहिलेलं फार थोडं होतं. टेप मात्र फिरत ठेवलेला. पुढचं काम ब्लेडचं. ‘बिचेस ब्रू’ या जोड तबकडीतली पहिली रचना, ‘फॅरोज डान्स’, वीस मिनिटांची आहे आणि अभ्यासकांनी तिच्यात 19 सांधे मोजले आहेत. एका ठिकाणी जेमतेम सेकंदभराचा तुकडा लागोपाठ जोडलेला ऐकू येतो, सुई अडकल्यासारखा. आज संगणकावर कुणीही पोर हे दोन मिनिटांत करील. 1969 साली ते फीत हातात धरून, कापून, चिकटवून करावं लागे, आणि चुकलं की गेलं.

‘बिचेस ब्रू’वर बरंच लिहिलं गेलं आहे. माझा जीव जडला आहे तो तीन वर्षांनंतरच्या ‘ऑन द कॉर्नर’वर. जून-जुलै 1972मध्ये मुद्रित झालेली आणि त्याच वर्षी बाजारात आलेली ही तबकडी. माइल्स तेव्हा फंकवाले स्लाय स्टोन आणि जेम्स ब्राऊन ऐकत होता, आणि पॉल बकमास्टर या इंग्रज चेलोवादकाने त्याला जर्मन संगीतकार स्टॉकहाउझेन ऐकवला होता. बासवर मायकेल हेंडरसन, जॅझमधून नव्हे, तर स्टीव्ही वंडरच्या साथीतून आलेला. तो दोन-चार स्वरांचा एक तुकडा धरतो आणि सोडत नाही. एखादा तबलजी विलंबितात ठेका धरून बसतो, गवई कुठेही जावो, तसा. त्याच्या भोवती ड्रम, कोंगा, टाळ्या, घुंगरं, शिट्टी, सतार आणि तबला. माइल्सचा ट्रम्पेट वा-वा पेडलमधून इतका पिळून निघतो की अनेकदा तो गिटार वाटावा.

हा तबला बादल रॉय यांचा. कुमिल्ल्याचा हा बंगाली तरुण संख्याशास्त्र शिकायला न्यूयॉर्कला आला, हॉटेलात वेटरचं काम केलं, संध्याकाळी एका भारतीय खानावळीत तबला वाजवू लागला आणि तिथेच मॅक्लॉक्लिनच्या नजरेत आला. रीतसर तालीम फारशी नाही. स्टुडिओत माइल्सने त्यांनाच सुरुवात करायला सांगितलं, कसलीही सूचना न देता, असं रॉय पुढे मुलाखतींतून सांगत. आपल्याकडच्या जाणकारांनी हा तबला ऐकून नाक मुरडलं तर नवल नाही. कायदा नाही, रेला नाही, निकासाची नजाकत नाही. पण इथे ते मागायचंच नव्हतं. फंकमध्ये पहिल्या मात्रेवर सगळं वजन पडतं. रॉय यांचा बायाँ त्या वजनाच्या आजूबाजूला घुमत राहतो आणि बासला भुईवरून जरासा उचलतो. तबला बाजूला काढून हे संगीत मनात ऐकून पाहा, ते ताबडतोब कोरडं पडतं.

या तबकडीची रचना बघण्यासारखी आहे. ‘ब्लॅक सॅटिन’ नावाच्या तुकड्यातलाच ताल-बासचा पाया दुसऱ्या बाजूवर पुन्हा वापरला आहे आणि त्यावर वेगळी नावं दिली आहेत. एकच चाक, त्यावर वेगवेगळी माती. मूळ वेष्टनावर वादकांची नावंच छापली नव्हती, वर कॉर्की मॅक्कॉयची रस्त्यावरच्या माणसांची रंगीत चित्रं. माइल्सला हे संगीत कृष्णवर्णीय तरुणांपर्यंत न्यायचं होतं. तसं तेव्हा झालं नाही. जॅझच्या समीक्षकांनी तर तबकडी झोडपून काढली. पुढे 1980च्या दशकात स्टॅन्ली क्राउचसारखे लेखक आणि विंटन मार्सालिससारखे वादक जॅझला सूट-टायमध्ये परत नेऊ लागले, तेव्हा माइल्सचा हा सगळा काळ म्हणजे बाजाराला विकलं जाणं, असा निकाल लागला. मला तो निकाल कधीच पटला नाही. बाजारासाठी कुणी वीस-वीस मिनिटं एकाच बासवर बसत नाही.

विक्रीचा विचार करायचा तर हँकॉककडे बघावं. 1973 साली त्याच्या दोन तबकड्या आल्या. ‘सेक्स्टंट’वर सिंथेसायझरचे बुडबुडे आणि अनोळखी मात्रांचे ताल, ती विकली गेली नाही आणि त्याचा तेव्हाचा संच परवडेना म्हणून मोडला. त्याच वर्षी ‘हेड हंटर्स’ आली आणि तुफान चालली. ‘कमेलियन’ची ती सगळ्यांना ठाऊक असलेली बासची ओळ बास गिटारवरची नाही, ती हँकॉकने एआरपी ओडिसी या सिंथेसायझरवर वाजवली आहे. ‘वॉटरमेलन मॅन’च्या सुरुवातीला बिल समर्स बिअरच्या बाटलीत फुंकतो, मध्य आफ्रिकेतल्या रानवासी लोकांच्या फुंकवाद्याची नक्कल म्हणून. ‘सेक्स्टंट’ धाडसी आणि ‘हेड हंटर्स’ गोड, असं सरळ विभाजन मी बरीच वर्षं करत होतो. आता वाटतं की ‘हेड हंटर्स’मध्येही धाडस आहेच, फक्त ते ठेक्याच्या पोटात दडलं आहे.

हिप-हॉपने याच ठेक्यांवर घर बांधलं. हेडहंटर्स संचाच्या 1975च्या ‘गॉड मेक मी फंकी’ची ड्रमची सुरुवात कितीतरी गाण्यांत वापरली गेली. ब्लेडची जागा सॅम्प्लरने घेतली: तुकडा काप, फिरवत ठेव, त्यावर नवं काही ठेव. मसेरोने जे केलं, त्याचाच हा वाडा. पलीकडे ब्रायन ईनोने एलिंग्टनच्या स्मरणार्थ माइल्सने केलेल्या ‘ही लव्ह्ड हिम मॅडली’ या अर्ध्या तासाच्या, धुक्यासारख्या रचनेचं ऋण आपल्या ‘ऑन लँड’ या तबकडीच्या टिपणात मान्य केलं आहे. एकाच स्टुडिओतून निघालेल्या दोन वाटा, एक नाचाची, एक स्तब्धतेची.

आजची स्थिती काय? लॉस एंजेलिस, लंडन, शिकागो या तिन्ही ठिकाणी सध्या या वारशाचं पीक जोरात आहे. लंडनच्या युसुफ कमाल या जोडीची 2016ची ‘ब्लॅक फोकस’ मला आवडते. ड्रम आणि कीबोर्ड यांची गट्टी छान आहे. तरी तिच्यासारख्या तबकड्यांची संख्या वाढू लागली तसा एक कंटाळा येऊ लागला आहे. फेंडर ऱ्होड्स या विजेच्या पियानोचा तो मऊ, किंचित थरथरणारा नाद आता चहाच्या दुकानात लावण्याजोगा झाला आहे. नाद घेतला, जोखीम ठेवून दिली. माइल्सच्या तबकड्या ऐकताना कुठला वादक कुठे कोसळेल याची धास्ती असते. इथे कुणीच कोसळणार नाही याची खात्री असते.

या काळाचा खरा वारस मला शिकागोचा ड्रमवादक मकाया मॅक्रेव्हन वाटतो. एका छोट्या जागेत वर्षभर दर आठवड्याला बसून, काही न ठरवता वाजवलेल्या जवळजवळ 48 तासांच्या मुद्रणांतून त्याने 2015ची ‘इन द मोमेंट’ घडवली. कापून, उलटवून, फिरवून. श्रोत्यांची कुजबुज आणि पेल्यांचा किणकिणाट तसाच ठेवला. मैफल हवी की स्टुडिओ, हा जुना प्रश्न त्याने दोन्ही हातांनी धरला. केन्ड्रिक लामारची 2015ची ‘टू पिंप अ बटरफ्लाय’, जिच्यात थंडरकॅट आणि कमासी वॉशिंग्टन वाजवतात, तीही याच मुळावरची. पण तिथे शब्द राजा आहे.

आपल्याशी याचा धागा आहे, तोही पुरेसा ठळक. मुंबईत वाढलेल्या आशा पुथली न्यूयॉर्कला जाऊन ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’वर गायल्या, पुढे त्यांच्या 1976च्या ‘स्पेस टॉक’चा तुकडा नोटोरियस बी.आय.जी.ने उचलला. मुंबईचे त्रिलोक गुर्टू मॅक्लॉक्लिनच्या त्रयीत वाजवत, आणि त्यांनी 1988च्या ‘उस्फ्रेट’मध्ये आई शोभा गुर्टू यांना गायला बसवलं. ठुमरी-दादऱ्याच्या दरबारातला तो आवाज तिथे विजेच्या वाद्यांच्या मधोमध आहे आणि कुठेही पाहुणा वाटत नाही. ज्यांनी शोभाताईंना फक्त बैठकीत ऐकलं आहे त्यांनी हे जरूर ऐकावं.

तरीही इथल्या फ्यूजनमध्ये एक गोष्ट मला सतत खटकते. आपण राग घेतो, खाली बास आणि ड्रम ठेवतो, सवाल-जवाब होतो, टाळ्या पडतात. स्टुडिओत जाऊन तेच पुन्हा, जरा स्वच्छ. मुद्रण कापून त्यातून नवी रचना काढायला आपला हात धजत नाही, कारण आवर्तन तोडणं आपल्याला पाप वाटतं. पण आवर्तनाचं आपलं ज्ञान इतकं खोल आहे की ते तोडायचं कुठे हे आपल्याइतकं कुणाला कळणार? सोळाव्या मात्रेच्या किंचित आधी फीत कापली तर कानात काय होईल, हे तबलजीला ब्लेड हातात घेण्याआधीच ऐकू येतं.

‘ब्लॅक सॅटिन’च्या सुरुवातीला तबला आणि सतार अशी येतात की जणू शेजारच्या खोलीत कुणी वाद्यं जुळवत असावं. मग अचानक बास, टाळ्या, शिट्टी. पाच मिनिटांनी सगळा गोंधळ ओसरतो आणि तबला-सतार परत ऐकू येतात. तो सांधा मी कितीदा शोधला आहे. दर वेळी तो मला अर्ध्या क्षणाने चकवतो.