यादी पुढे सरकते, वाचत कोणी नाही

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात एका माध्यमिक शाळेचा संगणक कक्ष पाहण्याचा योग गेल्या पावसाळ्यात आला. कक्षात दहा संगणक, सर्वांवर उबुंटू ही लिनक्स प्रणाली. नऊ चालू होते. दहाव्यावर कापड टाकलेले. "तो बंद पडलाय सर, मेकॅनिकला बोलवायचंय," असे सांगण्यात आले. दिवाळीपासून तो तसाच होता.

कापड काढून बटण दाबले. यंत्र ठणठणीत होते. मात्र काळ्या पडद्यावर फक्त वापरकर्त्याचे नाव विचारले जात होते. खिडक्या, चित्रे, माउसचा बाण यांपैकी काहीच नव्हते. आम्ही आत शिरून अ‍ॅप्टची नोंदवही उघडली. अ‍ॅप्ट म्हणजे या प्रणालीत नवी पॅकेजेस बसवणारी, जुनी काढणारी आणि त्यांच्या आवृत्त्या बदलणारी आज्ञावली. आपल्या हातून झालेल्या प्रत्येक कामाची ती तारीखवार नोंद ठेवते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातील एक नोंद स्पष्ट होती : पायथनची जुनी आवृत्ती काढण्याची आज्ञा दिली गेली, आणि तिच्याबरोबर शंभराहून जास्त पॅकेजेस निघून गेली. त्यांतच पडद्यावरची सारी सजावट होती. उबुंटूचे कितीतरी भाग पायथनच्या आधारावर उभे असतात. आधार काढला की तेही निघतात.

अ‍ॅप्टने हे गुपचूप केले का? मुळीच नाही. काय काय जाणार, याची पूर्ण यादी तिने आधी पडद्यावर मांडली होती. एरवी ती यादीनंतर थांबून 'पुढे जाऊ का?' असेही विचारते. पण भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर प्रत्येक आज्ञेपुढे आडवी रेघ आणि वाय हे अक्षर छापलेले होते. त्याचा अर्थ, 'काहीही विचारलेस तरी माझे उत्तर हो'. कागद कोठल्याशा प्रशिक्षणात मिळालेला. शिक्षकांनी तो इमानाने पाळला होता.

पुस्तकांची परीक्षणे होतात, प्रयोगसाहित्याची होतात. आज्ञावलीच्या बोलण्याचे परीक्षण सहसा कोणी करीत नाही. अ‍ॅप्टचे बोलणे त्या लायकीचे आहे असे आम्हास वाटते. डेबियन प्रकल्पाची घोषणा इयान मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी केली. आपल्या भागाला ते साल ३० सप्टेंबरच्या भूकंपामुळे आठवते. त्या प्रकल्पात अ‍ॅप्ट १९९९ च्या मार्चपासून आहे. उबुंटू आणि आपल्या सी-डॅकची 'बॉस' या दोन्ही प्रणाली डेबियनवर बेतलेल्या, म्हणून तिन्हीकडे हीच आज्ञावली भेटते. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये सुमारे ६४ हजार पॅकेजेस होती. कोणाला काय लागते याचा हिशोब माणसाने डोक्यात ठेवणे अशक्य. तो ठेवणारी ही आज्ञावली बुद्धिमान आहे यात शंका नाही. आमची तक्रार तिच्या शब्दांविषयी आहे.

पहिली तक्रार 'अपडेट' आणि 'अपग्रेड' या जोडीची. (आज्ञा रोमन अक्षरांतच टंकाव्या लागतात, येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.) अपडेट म्हटल्यावर एकही पॅकेज बदलत नाही. दूरच्या कोठारात आज काय उपलब्ध आहे, याची ताजी यादी तेवढी येते. प्रत्यक्ष नवी आवृत्ती बसते ती अपग्रेड म्हटल्यावर. पहिली पायरी गाळली तर संगणक जुन्या यादीवर विसंबून राहतो, कोठारातून केव्हाच हललेली फाइल मागतो आणि '४०४' असा नकार मिळतो. मागच्या महिन्याचा भावफलक घेऊन आडतीवर जाण्यासारखे हे आहे. इंग्रजीतच हे दोन शब्द एकमेकांच्या फार जवळचे. मराठीत तर दोन्हींना 'अद्ययावत करणे' म्हणण्याचा मोह होतो, आणि मग फरक उरतच नाही. वर्गात आम्ही 'यादी ताजी करणे' आणि 'नवी आवृत्ती बसवणे' असे म्हणतो. शब्द लांबलचक आहेत, पण विद्यार्थी चुकत नाहीत.

दुसरा शब्द 'डिपेन्डन्सी'. त्याला परावलंबन म्हटले की त्यात उगाच कमीपणाची छटा येते, जणू काही ते पॅकेज आळशी आहे. आपल्याकडे 'याला ते लागतं' हा साधा प्रयोग आहे. पंपाला वीज लागते, पिठल्याला बेसन लागते. 'लागणारी पॅकेजेस' एवढे म्हटले तरी नववीच्या मुलाला कळते, आणि 'पायथन काढले तर ज्यांना ते लागते तीही जातील' हे वाक्य आपोआप तयार होते.

अ‍ॅप्ट मराठीतही बोलते, हे अनेक शिक्षकांना ठाऊक नसेल. मुंबईच्या सी-डॅकमधील 'जनभारती' या प्रकल्पाने तिचे संदेश मराठीत आणले. काम कष्टाचे आणि बिनबोभाट होते. त्याबद्दल आदरच वाटतो. मात्र आज्ञावली पुढे वाढत गेली आणि भाषांतर मागे राहिले, त्यामुळे पडद्यावर एक ओळ मराठी व दुसरी इंग्रजी असा प्रकार होतो. शिवाय आमच्या शाळेतील दहाव्या संगणकासारखा नुसता काळा पडदा उरला, तर तेथे मराठी नीट उमटतच नाही. लिनक्सच्या त्या मूळ पडद्यावर फार तर ५१२ अक्षराकृती मावतात आणि काना-मात्रा, जोडाक्षरे जुळवण्याची सोयच नाही. म्हणजे नेमका अडचणीच्या वेळी मराठीचा आधार सुटतो.

याहून सूक्ष्म अडचण लिपीची आहे. अ‍ॅप्टच्या जुन्या आवृत्त्यांत 'पुढील पॅकेजेस काढली जातील' या वाक्यातील 'काढली' हा एकच शब्द मोठ्या रोमन अक्षरांत असे. बाकी मजकूर लहान अक्षरांत. धोका तेवढा ओरडून सांगितलेला. देवनागरीत लहानमोठी अक्षरे नाहीत. भाषांतर शब्दशः कितीही अचूक केले, तरी तो ओरडा मराठीत पोहोचत नाही. धोक्याची ओळ इतर ओळींसारखीच शांत दिसते. शेवटच्या प्रश्नातही तीच गोष्ट. तेथे वाय मोठा आणि एन लहान असतो. याचा अर्थ, काही न लिहिता नुसती एंटर कळ दाबली तर उत्तर 'हो' धरले जाईल. हा संकेत कोणत्या कागदावर समजावून सांगितलेला असतो? आम्ही तरी पाहिला नाही. पॅकेजच्या अस्सलपणाची खात्री पटत नसेल, तेव्हा मात्र अ‍ॅप्ट एन मोठा करते आणि एंटरचा अर्थ 'नको' होतो. हा विवेक तिला आहे. काढून टाकण्याच्या वेळीही तो दाखवला असता तर बरे झाले असते.

वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिले म्हणून माणूस वाचतोच असेही नाही. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये लायनस सेबॅस्टियन या कॅनडातील प्रसिद्ध व्हिडिओकाराने पॉप ओएस या प्रणालीवर एक खेळांचे पॅकेज बसवताना आपला सारा डेस्कटॉप घालवला. चूक मुळात पॅकेजच्या मांडणीतली होती. अ‍ॅप्टने धोक्याचा इशारा दिला, 'होय, मी सांगतो तसे कर' अशा अर्थाचे पूर्ण इंग्रजी वाक्य टंकायला लावले, आणि त्याने ते टंकले! लाखो लोकांनी ते पाहिले. त्यानंतर लवकरच रचनाकारांनी नियम बदलला : प्रणालीची अत्यावश्यक पॅकेजेस काढायची असतील तर तशी वेगळी सूचना आज्ञेतच आधी द्यावी लागते. २०२५ च्या डेबियन १३ मधील अ‍ॅप्ट ३ या आवृत्तीत तर जाणाऱ्या पॅकेजेसची नावे तांबड्या रंगात, रकान्यांत आणि यादीच्या अखेरीस येतात. तांबडा रंग देवनागरीतही तांबडाच. वीस वर्षांपूर्वी हे सुचले असते तर किती डेस्कटॉप वाचले असते!

एका संदेशाचे मात्र मनापासून कौतुक करायला हवे. पॅकेज बसत असताना वीज गेली (आपल्याकडे हे सांगायला नको), तर पुढच्या वेळी संगणक सांगतो की काम मध्येच तुटले आहे आणि ते पुरे करण्यासाठी अमुक आज्ञा द्या. ती आज्ञा अक्षरशः लिहून दिलेली असते. काय झाले आणि आता काय करायचे, या दोन्ही गोष्टी एका वाक्यात! परीक्षेच्या सूचना लिहिणाऱ्यांनीही तो नमुना पाहावा.

दहावा संगणक मोबाइलचे इंटरनेट जोडून दुपारभरात पूर्ववत झाला. त्यानंतर शिक्षकांनी नववीच्या मुलांना बोलावले आणि आम्ही 'एस' हे अक्षर जोडून तीच घातक आज्ञा पुन्हा दिली. एस जोडले की अ‍ॅप्ट काय काय करील ते फक्त सांगते, प्रत्यक्ष करीत काही नाही. त्यासाठी परवलीचा शब्दही लागत नाही. यादी पडद्यावर आली. मुले मोठ्याने नावे वाचू लागली. एका मुलीने बोट ठेवले : यादीत टर्मिनलचेही नाव होते, म्हणजे ज्या खिडकीत आपण आज्ञा टंकतो तीच. "सर, तीच निघून गेली तर आज्ञा पुरी कोण करणार?"

उत्तर असे की डिस्कवरून टर्मिनलची फाइल गेली, तरी चालू असलेले टर्मिनल स्मृतीत असते. लिनक्समध्ये उघडी फाइल पुसली तर तिचे नाव जाते; मजकूर मात्र तिचा वापर संपेपर्यंत डिस्कवर राहतो. म्हणून काम शेवटपर्यंत बिनतक्रार पार पडते, खिडकी हसतमुख उभी असते, आणि ती एकदा बंद केली की पुन्हा उघडत नाही.