पश्चात्ताप कोणी करायचा? — 'स्मृतिचित्रे'च्या निमित्ताने

नम्रता आणि पश्चात्ताप ही ख्रिस्ती जीवनाची पायाभूत मूल्ये मानली जातात. मूल्य म्हणून त्यांच्याशी आपले भांडण नाही. प्रश्न आहे तो ही मूल्ये कोणाला उद्देशून सांगितली जातात, हा. ज्याची मान ताठ आहे त्याला 'नम्र हो' म्हणणे वेगळे आणि ज्याची मान पिढ्यान्‌पिढ्या वाकवून ठेवली आहे त्याला तेच सांगणे वेगळे. पहिल्या उपदेशाने व्यवस्था हलते, दुसऱ्याने ती पक्की होते. जोहार घालीत जगलेल्या माणसाला लवायला काय शिकवायचे?

अहमदनगर भागात अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 साली सुरू झाले. तिथे ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य माणसे महारवाड्यातली होती. शाळेसाठी, दुष्काळात जगण्यासाठी आणि माणूस म्हणून कोणी तरी जवळ घ्यावे यासाठी ती आली. त्यांना सांगण्यात आले की तुम्ही पापी आहात, पश्चात्ताप करा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती समाजाच्या स्थितीवरील आपल्या लेखनात नेमके इथेच बोट ठेवले आहे. हे लेखन महाराष्ट्र शासनाने 1989 साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध केले. आपल्या अधोगतीचे कारण समाजरचनेत आहे, हे ज्याला कळायला हवे त्याला पापाचा हा सिद्धान्त सांगतो की कारण तुझ्या स्वतःच्या पापात आहे. मग लढायचे कोणाशी? स्वतःशीच! अन्याय करणारा मोकळा राहतो आणि अन्याय सोसणारा क्षमा मागत बसतो.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचले पाहिजे. प्रस्थापित समीक्षेने या आत्मचरित्राचा प्रांजळपणा आणि विनोद वाखाणला, आणि तिथेच ती थांबली. हे पुस्तक वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापासून सुरू होते, ही गोष्ट सहज घडलेली नाही. ते सोवळे लेकीच्या अंगात मुरलेले आहे. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहू लागल्या, पण विटाळ मनातून गेला नव्हता. तो कसा गेला हे त्या पायरीपायरीने सांगतात. आज याच्या हातचे चालत नाही, उद्या चालते, पण त्याच्या हातचे अजून नाही. शेवटी त्यांना उमगते की हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसांनी रचलेले आहेत. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. मनाचा कौल मात्र त्याआधी पाण्याच्या भांड्याशी लागला होता.

मराठी वाङ्मयातला हा मला सर्वांत खरा पश्चात्ताप वाटतो. त्यात छाती पिटणे नाही, रडणे नाही. स्वतःच्या सोवळ्याला स्वतःच हसणे आहे आणि हाताने केलेली कृती आहे. उच्चवर्णीय माणूस स्वतःच्या मोठेपणाला हसतो, तेव्हा तो एक पायरी खाली उतरतो. ही खरी नम्रता. ती वरून खाली येते. खालच्याकडून ती मागायची नसते.

मूळ ग्रंथाशीही हे जुळते. नव्या करारातील 'मेटानोइया' या ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे. आपल्या 'पश्चात्ताप' या शब्दात मागाहून होणाऱ्या तापावरच भर पडतो, पालटण्यावर नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जक्कय हा जकातदारांचा मुख्य आणि श्रीमंत माणूस. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा तो नुसते डोळे ओले करीत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत करण्याचे बोलतो. पश्चात्तापाला इथे हिशेब आहे. परतफेडीशिवाय पश्चात्ताप ही चैन आहे, आणि ती लुबाडणाऱ्यालाच परवडते.

मग ज्याचे लुबाडले गेले, त्याने काय पालटायचे? त्यानेही मन पालटायचे आहे, पण उलट दिशेने. मी हीन आहे, ही जी समजूत त्याच्या मनात रुजवली गेली, तिच्यापासून त्याने वळायचे आहे. त्याचे ताठ उभे राहणे हाच त्याचा मेटानोइया होय.

इथेच 'स्मृतिचित्रे'ची मर्यादाही नोंदवली पाहिजे. दलित माणूस या पुस्तकात येतो, त्याला मायाही मिळते. पण त्याचे आयुष्य आपण लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांनी पाहतो. सोवळे सुटल्याची कथा आपल्याला मिळाली. ज्याच्या विटाळासाठी ते सोवळे होते, त्याची कथा तिथे त्याच्या तोंडून येत नाही. हा लक्ष्मीबाईंचा दोष नव्हे. लेखणी कोणाच्या हाती होती, याचा तो पुरावा आहे. अरविंद निर्मळ यांनी 1981 साली बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये शूद्र ईश्वरविद्येची मांडणी केली आणि तीच पुढे दलित ईश्वरविद्या झाली. तेव्हा दलित ख्रिस्ती माणूस क्षमा मागण्याऐवजी स्वतःचा इतिहास मांडू लागला.

भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने 2016 साली दलितांविषयीचे आपले धोरण जाहीर केले आणि चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे कबूल केले. कबुली चांगलीच, पण जक्कयाची फूटपट्टी तिलाही लावली पाहिजे. परत काय केले? सत्तेच्या जागा, शाळा-महाविद्यालयांतले प्रवेश, मेल्यावर सर्वांबरोबर मिळणारी माती, यांतले किती?

व्यासपीठावरून आपल्याला नम्रतेचा पाठ दिला जाईल, तेव्हा चर्च असो, मठ असो की सभागृह असो, प्रत्येक कार्यकर्त्याने आधी पाहावे, बोलणारा उभा कुठे आहे. तो वरच्या पायरीवर असेल, तर त्याला आदराने सांगावे : आधी आपण उतरा.