बंद खोलीतील मुलगी

भयपटांचा विषय निघाला की कॅथलिक कुटुंबांत अजूनही ‘द एक्झॉर्सिस्ट’चे नाव निघते. विल्यम फ्रीडकिन दिग्दर्शित हा चित्रपट १९७३ साली प्रदर्शित झाला. त्यात धर्मगुरू नायक आहेत, सैतानाचा पराभव आहे. त्यामुळे तो आपल्याला जवळचा वाटतो. परंतु त्यात स्त्रीच्या वाट्याला काय आले व पुरुषाच्या वाट्याला काय, हे पाहू लागलो की मन अस्वस्थ होते.

लेखक विल्यम पीटर ब्लॅटी यांना कथाबीज मिळाले ते १९४९ सालच्या एका वृत्तात. ते वृत्त अमेरिकेतील एका मुलाचे होते. त्याची ओळख झाकली जावी म्हणून ब्लॅटींनी मुलाच्या जागी मुलगी योजली. हेतू चांगला, परिणाम मात्र वेगळा झाला. चित्रपटातील बारा वर्षांच्या रीगनचे शरीर हेच रणांगण बनले आणि तिची विटंबना हा पाहण्याचा विषय झाला. फादर करास यांना मन आहे: श्रद्धेविषयी शंका, आईच्या मृत्यूचे शल्य, अखेर आत्मबलिदान. रीगनची स्वतःची हाक येते, ती पोटाच्या त्वचेवर उमटलेल्या अक्षरांतून. बरी झाल्यावर तिला काही आठवत नाही. लेकीसाठी डॉक्टरांचे उंबरठे झिजवणारी, श्रद्धा नसतानाही धर्मगुरूंकडे धावणारी आई अखेरच्या झुंजीत खोलीबाहेरच राहते.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातही अशी एक आई आहे. ती परकीय स्त्री प्रभूशी वाद घालते आणि तिच्या शब्दाखातर तिची मुलगी मुक्त होते. मुलीचे तडफडणे मार्क दाखवत नाही. आई घरी परतते तेव्हा ती बिछान्यावर निजलेली असते, एवढेच तो सांगतो. पाचव्या अध्यायात ज्याची बाधा भयंकर रूपात वर्णिली आहे, तो पुरुष आहे. तोही शेवटी वस्त्रे नेसून शुद्धीवर येतो आणि स्वमुखाने साक्ष देतो.

हा केवळ पडद्यावरचा प्रश्न नाही. मुलगा विचित्र वागू लागला तर आपण अभ्यासाचा ताण म्हणतो. मुलगी तशी वागली तर बाहेरच्या बाधेची कुजबुज सुरू होते. ख्रिस्तसभेची शिस्त मात्र स्पष्ट आहे: बिशपांच्या खास परवानगीवाचून भूतोच्चाटनाचा विधी करता येत नाही आणि आजाराला बाधा समजू नये, असे १९९९ च्या सुधारित विधीत बजावले आहे.

एकदा एका अबोल झालेल्या मुलीला घेऊन तिचे आईवडील माझ्याकडे आले होते. तासभर मी त्या दोघांशी बोललो, प्रार्थना केली, डॉक्टरांकडे जाण्यास सांगितले. ते गेल्यावर ध्यानात आले, मुलीला मी एकही प्रश्न विचारला नव्हता. या चित्रपटातील उणीव मला दिसते, ती त्या दिवसापासून.