राखेवरून आगीचं अनुमान : बोरेलियाच्या संशोधनाची एक तपासणी

मंडळी, अनुमान कुठे फसतं हे आपण आतापर्यंत न्यायशास्त्रातल्या उदाहरणांवरून पाहत आलो. तोच डोंगर, तोच धूर. आज जरा जिवंत उदाहरण घेऊ. इथे अनुमान फसलं तर माणसाच्या शिरेतून महिनोन्महिने नको ते औषध जातं, नाहीतर खरोखर आजारी असलेल्याला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून घरी पाठवलं जातं. आजाराचं नाव लाइम, आणि तो घडवणारा जिवाणू बोरेलिया. आम्ही डॉक्टर नव्हे (म्हणजे त्या अर्थाने नव्हे!), तेव्हा औषध सांगणार नाही. पुरावा म्हणून काय पुढे केलं जातं, तेवढंच तपासू.

लाइमची गोष्ट साधारण अशी सांगतात. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात लाइम नावाचं गाव आहे. १९७५ साली तिथल्या पॉली मरे आणि आणखी एक आई, अशा दोघींनी अधिकाऱ्यांना कळवलं की आमच्या भागातल्या कितीतरी मुलांचे सांधे सुजलेत. येल विद्यापीठातून ॲलन स्टीअर आले. लाइम आणि शेजारची दोन गावं मिळून ५१ रुग्ण सापडले, त्यांत ३९ मुलं. पुढे १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात मळसूत्रासारखे जिवाणू दिसले, १९८२ मध्ये शोधनिबंध आला, आणि जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं. यातलं एकही वाक्य खोटं नाही. आमचा आक्षेप आहे तो गोष्ट जिथून सुरू करतात त्यावर.

कारण या कुळातल्या जिवाणूंशी वैद्यकाची गाठ त्याआधी शंभर वर्षं पडली होती, आणि त्या इतिहासाचा मोठा तुकडा आपल्या मुंबईत आणि नाशकात घडलाय. आजार निराळा, उलटून येणारा ताप. चार-सहा दिवस चढतो, उतरतो, माणूस बरा झाला म्हणावं तोवर पुन्हा चढतो. बर्लिनमध्ये ऑटो ओबरमायर यांना १८६८ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात वळवळणारे धागे दिसले. त्यांनी ते प्रसिद्ध केलं १८७३ मध्ये, आणि त्याच वर्षी ते वारले. मग १८७७. दुष्काळाने उठलेली माणसं मुंबईत येत होती, आणि त्यांच्यात हा ताप पसरलेला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेले हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (‘ग्रेज ॲनाटॉमी’ची चित्रं काढणारे, तेच हे) यांनी त्या रुग्णांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. ताप असताना धागे दिसत. ताप उतरला की नाहीसे. उलटला की पुन्हा हजर. ते रक्त माकडांना टोचलं, तर माकडांच्या रक्तातही धागे.

आपल्या परिभाषेत हा अन्वय-व्यतिरेक झाला, आणि तोही प्रत्यक्षावर उभा असलेला. एक असेल तर दुसरं असतं, एक नसेल तर दुसरं नसतं, आणि दोन्ही डोळ्यांनी दिसतं. इतका स्वच्छ पुरावा वैद्यकात फार थोड्यांच्या वाट्याला आलाय.

नाशिकचं उदाहरण तर आम्हाला त्याहून आवडतं. १९०७ मध्ये पर्सिव्हल मॅकी यांनी तिथल्या एका मिशनमधली साथ अभ्यासली. मुलांमध्ये ताप पुष्कळ, मुलींमध्ये कमी. मुलांच्या कपड्यांत उवा पुष्कळ, मुलींच्या कमी. उवांच्या पोटात तेच धागे. मॅकी म्हणाले, ऊ हीच वाहक. बरोबर! पण वाहक म्हटलं की आपण मनात लगेच ‘म्हणजे चावून’ असं जोडून टाकतो, आणि तिथे फसतो. काही वर्षांनी ट्युनिसमध्ये चार्ल्स निकोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जिवाणू शिरतो तो ऊ चिरडली जाऊन, खाजवलेल्या कातडीतून. कारण ठरलं म्हणून कारणाची रीतही ठरली असं होत नाही.

आता परत लाइमकडे. बर्गडॉर्फर त्या दिवशी लाइमचं कारण शोधतच नव्हते, ते दुसऱ्याच एका तापाचे जंतू पाहत होते. पण त्यांचं स्वित्झर्लंडमधलं पीएचडीचं काम होतं उलटून येणाऱ्या तापावर आणि तो पसरवणाऱ्या गोचिडींवर. म्हणून दिसलं ते त्यांनी ओळखलं. तिकडे स्वीडनमध्ये आर्विड अफझेलिउस यांनी गोचीड चावल्यावर पसरत जाणारा लाल चट्टा १९०९ मध्येच मांडला होता, आणि १९५१ पर्यंत तिथे त्यावर पेनिसिलिन देऊन गुणही आलेला. म्हणजे उपाय होता, कारण माहीत नव्हतं. हे सगळं वगळून ‘१९८२ मध्ये शोध लागला’ म्हटलं की शोध म्हणजे एका दिवशी लागणारा दिवा वाटायला लागतो. मग पुढच्या पुराव्याकडूनही लोक तसल्याच लख्ख उजेडाची अपेक्षा करतात.

आणि लाइमचा जिवाणू तो उजेड देत नाही. रक्तात तो फार थोडा आणि थोडाच काळ असतो. कार्टरसारखं काचेवर थेंब घेऊन पाहिला असं जमत नाही, आणि प्रयोगशाळेत वाढवणंही किचकट. म्हणून मुख्य चाचणी प्रतिपिंडांची. शरीराने या जिवाणूशी लढताना जे तयार केलं, ते रक्तात आहे का एवढंच ती पाहते. ही प्रत्यक्षाची नव्हे, अनुमानाची चाचणी, आणि त्यातही प्रतिपिंड म्हणजे धूर नव्हे, राख. पहिल्या काही आठवड्यांत आग लागलेली असते पण राख साठलेली नसते, म्हणून चाचणी नकारार्थी येऊ शकते. आग विझल्यावर राख वर्षानुवर्षं राहते, म्हणून बऱ्या झालेल्याचीही चाचणी होकारार्थी येते. शिवाय साधं गणित बघा. समजा हजार माणसांत पाचांनाच आजार आहे, आणि चाचणी निरोगी माणसांपैकी शंभरात पाच वेळा चुकून ‘हो’ म्हणते. खरे पाच, आणि खोटे जवळपास पन्नास! म्हणून तर अमेरिकेत १९९५ पासून एका चाचणीवर न थांबता दोन टप्प्यांत तपासायचं ठरलं.

भांडण पेटलंय ते इथे. ‘क्रॉनिक लाइम’वाले म्हणतात, त्रास टिकलाय म्हणजे जिवाणू टिकलाय. हे तपासून झालंय. अमेरिकेतल्या अभ्यासात (२००१) नव्वद दिवस अँटिबायोटिक देऊन खोट्या औषधापेक्षा जास्त गुण आला नाही. नेदरलँड्समध्ये (२०१६) २८० रुग्णांना आधी दोन आठवडे औषध दिलं, मग काहींना आणखी बारा आठवडे. वाढीव औषधाने फरक पडला नाही. आणि लांबलेल्या उपचारांत शिरेत ठेवलेल्या नळीतून जंतुसंसर्ग होऊन माणसं दगावल्याची नोंद आहे. इथवर आम्ही संशोधकांच्या बाजूने.

पण तेच संशोधक, किंवा त्यांच्या नावाने बोलणारे डॉक्टर, पुढची पायरी चढतात तेव्हा आम्ही थांबतो. औषधाने गुण आला नाही, यावरून फार तर इतकंच निघतं की त्या औषधाने तो त्रास जात नाही. त्रासच नाही, असं त्यातून कसं निघेल? उपचारानंतरही काहींना थकवा, दुखणं, विसराळूपणा राहतो, हे वैद्यकाला मान्य आहे. प्रश्न कारणाचा आहे.

पॉली मरे यांचं नाव दोन्ही बाजू घेतात, म्हणून त्यांनी नेमकं काय सांगितलं होतं ते पाहा. ‘आमच्या रस्त्यावर इतकी मुलं आजारी असणं साधं नाही.’ आशय एवढाच, आणि या बाबतीत त्या आप्त होत्या, म्हणजे ज्यांचं सांगणं प्रमाण मानावं अशा. घरोघरचं त्यांना माहीत होतं, डॉक्टरांना नव्हतं. कारणाचा दावा त्यांच्या शब्दावर ठरला नाही, तो गोचिडीच्या आतड्यात ठरला. रुग्णाचं सांगणं त्रासाबद्दल प्रमाण धरायचं, कारणाबद्दल नाही, हा भेद न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा मुलगाही करतो. २००६ मध्ये कनेक्टिकटच्या अ‍ॅटर्नी जनरलनी तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांची चौकशीच लावली. २०१० मध्ये फेरतपासणी समितीने त्या सूचना कायम ठेवल्या. सरकारी वकिलाने व्याप्ती ठरवायची, हे आम्हाला तेव्हाही पटलं नव्हतं.

आपल्यातले काही जण न्यू जर्सीतून, पेनसिल्व्हेनियातून ऐकतात, त्यांच्या परसात या गोचिडी आहेत. चट्टा पसरत असेल तर रक्ताच्या चाचणीची वाट पाहायची नसते, चट्टा हेच निदान. लगेच डॉक्टरकडे जायचं. पण १९७७ च्या त्या अहवालात चट्टा आठवणारे रुग्ण चौघांत एक होते. उरलेल्या तिघांसाठी आजही राखच चाळावी लागते. आत्ता, या घटकेला शरीरात जिवंत बोरेलिया आहे की नाही, हे खात्रीने सांगणारी चाचणी नेहमीच्या दवाखान्यात अजून आलेली नाही.