चुलीपाशी घडलेली श्रद्धा : ‘स्मृतिचित्रे’चे एक वाचन

आपल्या धर्मग्रामांत ‘प्रेम’ हा शब्द जितका कानांवर पडतो तितका दुसरा क्वचितच पडत असेल. लग्नाच्या मिस्सात संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय वाचला जातो, तपसाधनेच्या दिवसांत त्यावर प्रवचने होतात, रौप्यमहोत्सवी स्मरणिकांत त्याचे दाखले दिले जातात. परंतु मिस्सा आटोपून माणूस घरी येतो, तेव्हा त्याच्यापुढे उभी असते ती संतापी सासू, उधळा भाऊ, दाराशी आलेला नको असलेला पाहुणा आणि महिन्याअखेरीस रिकामा झालेला डबा. प्रेमाची खरी परीक्षा तेथे होते. आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याने या परीक्षेची हकिगत कितीशी लिहून ठेवली आहे, असा प्रश्न विचारला, तर एका ग्रंथापाशी येऊन थांबावे लागते. तो ग्रंथ म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

आपल्यातील पुष्कळांनी हा ग्रंथ शाळेच्या पाठ्यपुस्तकातील एखाद्या उताऱ्यापुरता वाचलेला असतो आणि ‘एक विनोदी आत्मचरित्र’ एवढीच त्याची आठवण उरलेली असते. शिवाय टिळक कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे; तेव्हा हे पुस्तक आपले नव्हे, अशीही एक अस्पष्ट भावना मनात असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर इतकी वर्षे लोटल्यावर तरी ही भावना आपण बाजूला ठेवावी. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ सालच्या ‘क्रिस्तपुराणा’चा वारसा आपण अभिमानाने सांगतो. त्या पुराणाने प्रभूचे चरित्र मराठी ओवीत आणले. प्रभूवरील श्रद्धा मराठी घरात कशी नांदली, हे मात्र लक्ष्मीबाईंनी सांगितले. तोही आपलाच वारसा आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. बालवयातच त्यांचा विवाह नारायण वामन टिळकांशी झाला. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि एका सनातनी ब्राह्मण कुटुंबातील हे जोडपे दुभंगले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीजवळ परतल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये निवर्तले. पुढे मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहिल्या. त्या १९३४ पासून भागाभागाने ग्रंथरूपाने आल्या. १९३६ मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. शाळेचा संस्कार नसलेल्या, पतीने लिहावाचायला शिकवलेल्या या बाईने मराठी गद्याला दिलेले हे देणे किती मोलाचे आहे, हे साहित्याच्या जाणकारांनी मान्य केलेलेच आहे. मला येथे एका निराळ्या अंगाने त्याकडे पाहावयाचे आहे.

धर्मांतराच्या कथनांचा एक ठरीव साचा असतो. आधी अंधार, मग एखादा साक्षात्कार, त्यानंतर अखंड प्रकाश. ‘स्मृतिचित्रे’त हा साचा सापडत नाही. ग्रंथाच्या आरंभी लक्ष्मीबाई आपल्या वडिलांचे चित्र काढतात. सत्तावन्नच्या धामधुमीत कुटुंबावर फाशीचे संकट कोसळले आणि त्या धक्क्यातून वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. बाहेरून येणारी वस्तू धुतल्यावाचून घरात घ्यावयाची नाही, कोणाचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही, आणि या सर्वांचा काच घरातील बायकामुलांनी सोसावयाचा. वाचकाला हसू येते. पण ते हसू फार वेळ टिकत नाही. भयाने पछाडलेला धर्म घराचे काय करतो, हे त्या हसण्याखाली आपल्या ध्यानात येते.

आता हे चित्र मनात ठेवून पुढील भागाकडे वळावे. ख्रिस्ती झालेल्या पतीकडे लक्ष्मीबाई परतल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. पतीवर प्रेम आहे, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही, अशी ती अवस्था. या गाठीची उकल कोणा धर्मोपदेशकाने केली नाही. त्यांच्याच मनात एक साधा विचार आला : देवाने स्त्री आणि पुरुष निराळे केले, पशूंच्या जाती निराळ्या केल्या, ते डोळ्यांना दिसते, मग माणसामाणसांतील या जाती जर देवाने केल्या असत्या, तर त्यांचेही काही चिन्ह दिसावयास नको होते काय? ते चिन्ह दिसत नाही, तेव्हा ही करणी माणसांची. एवढा विचार झाल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांचा निश्चय झाला.

या प्रसंगाचे महत्त्व दोन प्रकारचे आहे. एक म्हणजे, येथे श्रद्धेचे पहिले पाऊल चुलीपाशी पडते. पित्याच्या घरी पाणी हे माणसाला दूर ठेवण्याचे साधन होते; तेच पाणी आता दुसऱ्याच्या हातून घेण्याची वस्तू होते. स्नानसंस्काराचे पाणी मस्तकावर पडण्यापूर्वी हे दुसरे पाणी त्यांच्या जीवनात आले होते, असे म्हणावेसे वाटते. दुसरे म्हणजे, लेखिका या प्रसंगाचे भांडवल करीत नाही. तो सांगून ती पुढच्या कामाला लागते. आपल्यापैकी ज्यांच्या घरांत स्नानसंस्कार होऊन कित्येक पिढ्या लोटल्या, परंतु सोयरीक जुळविताना जातीची चौकशी अजून सुटलेली नाही, त्यांनी हे पान पुन्हा पुन्हा वाचावे.

या ग्रंथाचा गाभा मात्र पतिपत्नींच्या नात्यात आहे, आणि समीक्षकाची खरी अडचणही तेथेच आहे. टिळक हे कवी, देशभक्त, उत्कट ख्रिस्तभक्त. डोंगरावरील प्रवचनाने ज्यांचे अंतःकरण जिंकले, त्यांच्यापैकी ते एक. परंतु ते घरात कसे होते? लक्ष्मीबाई काहीही झाकून ठेवीत नाहीत. त्यांचा भडकणारा संताप, क्वचित अंगावर आलेला हात, न सांगता घर सोडून जाणे, पैशाविषयीची पराकाष्ठेची बेफिकिरी, हे सर्व त्या लिहितात. टिळकांचे औदार्य अमर्याद होते. जो मागेल त्याला ते देत. जो अनाथ दिसेल त्याला घरी आणीत. आणलेल्या मुलांना न्हाऊमाखू घालणे, त्यांच्या तोंडी घास घालणे, आजारपणात उशाशी बसणे, हे काम मात्र लक्ष्मीबाईंकडे येई.

येथे हा ग्रंथ दानधर्माविषयी एक प्रश्न उभा करतो, जो आपल्या प्रवचनांत सहसा उपस्थित होत नाही. दान एक जण करतो, पण त्याची किंमत कोण देतो? धर्मग्रामाच्या प्रत्येक कार्यात पुढे असणारे, रात्री उशिरा घरी येणारे कार्यकर्ते आपल्यात आहेत. त्यांच्या सेवेचा गौरव होतो. त्यांच्यासाठी ताट झाकून जागत बसणाऱ्या बाईच्या सेवेची नोंद कोठे होते? लक्ष्मीबाईंनी ती नोंद केली. तीत तक्रारीचा सूर नाही, पण हिशेब चोख आहे. आणि हळूहळू वाचकाच्या ध्यानात येते की, ज्या मुलांना टिळकांनी उमाळ्याने आणले, त्यांच्यावर लक्ष्मीबाईंनी सवयीने, रोजच्या रोज प्रेम केले. प्रेमाचा उमाळा ही देवाची देणगी खरीच. पण रोजच्या रोज उठून केलेले प्रेम हेही त्याच देवाचे देणे आहे, आणि ते अधिक दुर्मीळ आहे.

या ठिकाणी एक आक्षेप घेतला जातो व तो विचारात घेणे आवश्यक आहे. लक्ष्मीबाईंचा विनोद हा अन्यायावर घातलेले पांघरूण आहे; नवऱ्याचे अपराध हसण्यावारी नेऊन त्या स्त्रियांना सोसण्याचाच धडा देतात, असे काही वाचकांना वाटते. हा आक्षेप पोकळ नाही. एखाद्या धर्मगुरूने वा सासूने हा ग्रंथ एखाद्या मार खाणाऱ्या सुनेच्या हाती देऊन ‘पाहा, त्यांनी कसे सोसले’ असे म्हटले, तर तो ग्रंथाचा दुरुपयोग होईल, आणि शुभवर्तमानाचाही. परंतु मूळ ग्रंथ नीट वाचला असता असे दिसते की, लक्ष्मीबाई सोसणारी बाई नव्हे. ती भांडते, उत्तर देते, रुसते, स्वतःच्या मताने निर्णय घेते. पतीने बाप्तिस्मा घेतला म्हणून ती लगोलग त्याच्यामागे गेली नाही. स्वतःला पटेपर्यंत ती थांबली. पांघरूण घालणारा माणूस वस्तुस्थिती लपवितो. लक्ष्मीबाई ती संपूर्ण सांगतात आणि निकाल तेवढा देत नाहीत. क्षमा ही विस्मृती नव्हे. जे घडले ते घडले असे लख्ख म्हणून, त्यानंतरही त्या माणसाकडे मायेने पाहणे, ही क्षमा. तशी क्षमा मराठी गद्यात इतक्या स्वाभाविकपणे दुसरीकडे आढळल्याचे मला स्मरत नाही.

हे वाचताना बालयेशूची संत तेरेजा हिची आठवण होते. ती १८७३ ची, म्हणजे लक्ष्मीबाईंहून केवळ पाच वर्षांनी लहान. १८९८ साली, तिच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या आत्मकथेत तीही अशाच क्षुल्लक गोष्टी सांगते : ध्यानाच्या वेळी शेजारच्या भगिनीकडून सतत होणारा चुळबुळता आवाज, कपडे धुताना तोंडावर उडणारे मळके पाणी, आणि ते सारे प्रेमाने स्वीकारण्याची तिची धडपड. ख्रिस्तसभेने १९९७ मध्ये तिला धर्मपंडितेचा मान दिला. २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी पावित्र्याविषयीच्या आपल्या पत्रात शेजारच्या घरातील संतांचा उल्लेख केला आणि बाजारात गेलेली बाई शेजारणीच्या कुचाळक्यांत सामील होत नाही, एवढ्या लहान गोष्टीलाही पावित्र्याच्या वाटेवरचे पाऊल म्हटले. फ्रान्समधील मठ आणि अहमदनगरकडील टिळकांचे बिऱ्हाड यांत अंतर मोठे आहे. तेरेजेची वाणी प्रार्थनेची, लक्ष्मीबाईंची ओसरीवरच्या गप्पांची. पण दोघींच्या प्रेमाचे क्षेत्र एकच आहे : जी माणसे आपण निवडलेली नसतात, त्यांच्याबरोबरचा सहवास.

ग्रंथाला मर्यादा आहेत. उत्तरार्धात प्रसंगांची गर्दी होते. पूर्वार्धातील ताण तेथे सैलावतो. कॅथोलिक वाचकाला आणखी एक उणीव जाणवेल. आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेली वेदी, साक्रामेंते, संतांचा सहवास यांचा ठसा येथे नाही, आणि तो असणेही शक्य नव्हते. म्हणूनच हे पुस्तक आपल्याला परिपूर्ण वाटत नाही. ते आपल्याकडून काहीतरी मागते.

ते काय मागते? आपल्याकडे संतचरित्रे आहेत, प्रवचनसंग्रह आहेत, प्रवासवर्णने आहेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला व २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, याचा सार्थ अभिमान आपण बाळगतो. परंतु आपल्या आयांनी वाडीत, मळ्यात, मासळीच्या पाटीसह बाजारात श्रद्धा कशी जगली, कोणाशी भांडल्या, कोणाला क्षमा केली आणि कोणाला करू शकल्या नाहीत, याचे प्रांजळ लेखन आपल्याजवळ किती आहे? आपण दिवंगतांवर लेख लिहितो, ते गुणांच्या यादीने भरतो. दोष गाळल्याने माणूस मोठा होतो, असा आपला समज आहे. लक्ष्मीबाईंनी टिळकांचे दोष गाळले नाहीत. म्हणूनच आज त्यांचे टिळक जिवंत वाटतात आणि त्यांच्यावरचे तिचे प्रेम खरे वाटते.

घरोघरी सायंकाळची जपमाळ झाल्यावर या ग्रंथाची दोन-चार पाने मोठ्याने वाचावीत, असे सुचवावेसे वाटते. मुले हसतील, हसू द्यावे. वाचन संपल्यावर घरातील आजीला विचारावे, तुमच्या वेळी कसे होते? आणि ती जे सांगेल ते कोणीतरी, काहीही न गाळता, लिहून ठेवावे.