पुण्यांतील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा : मूळ कीं भाष्य ?

शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांनीं घडविलेला, पुण्याच्या श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारांतील अश्वारूढ पुतळा इतिहासाभ्यासकांनीं कोणत्या दृष्टीनें पाहावा, याचा येथें थोडक्यांत विचार करावयाचा आहे.

करमरकर हे अलिबागेजवळील सासवण्याचे. ऑटो रॉथफील्ड या कलेक्टरानें त्यांचे गुण हेरून त्यांस मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत धाडलें. पुढें त्यांनीं कलकत्त्यास काम केलें व विलायतेंतही अभ्यास केला. प्रस्तुत स्मारकाची कोनशिला राजर्षि शाहू महाराजांच्या पुढाकारानें १९२१ सालीं बसली. महाराज १९२२ सालीं निवर्तले; राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत काम तडीस जाऊन १६ जून १९२८ रोजीं अनावरण झालें. सुमारें साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा ब्राँझमध्यें एकसंध ओतलेला आहे. तें ओतकाम मुंबईंतच साधलें, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे.

पुतळ्याची मुखचर्या डच चित्राशीं जुळत नाहीं, असा आक्षेप कांहीं जण घेतात. त्यांत कालाचा विपर्यास आहे. वा. सी. बेंद्रे यांनीं तें चित्र १९३३ सालीं लोकांपुढें मांडलें; पुतळा तत्पूर्वीं पांच वर्षें उभा होता. शिवाय उघड्यावरील भव्य शिल्प खालून व दुरून पाहावयाचें असतें. तेथें नाकडोळ्यांहून स्वाराची बैठक व घोड्याचा डौल अधिक बोलतात. करमरकरांस सादृश्य साधत नव्हतें असें नाहीं. सासवण्यास त्यांनीं सिमेंटांत घडविलेलीं गांवच्या माणसांचीं शिल्पें पाहिल्यावर ती शंका उरत नाहीं. तेथें माणूस समोर होता. येथें केवळ कीर्ति होती.

मात्र याच्या उलट चूक अधिक घातक होय. मी स्वतः अनेक वर्षें वर्गांत या पुतळ्याचें छायाचित्र दाखवून “महाराज असे दिसत” म्हणून सांगत आलों. पोथीच्या समासांतील टीप नकलकाराच्या हातून मूळ संहितेंत शिरावी, तसाच तो प्रमाद होता. पुतळा हा मूळ ग्रंथ नव्हे, भाष्य होय. महाराजांच्या रूपाविषयीं त्यास प्रामाण्य नाहीं. परंतु १९२८ च्या महाराष्ट्रानें त्यांस कसें पाहिलें, याचें तें अस्सल साधन आहे. म्हणून त्याच्या घडणीसंबंधीं पत्रें, हिशेब वा छायाचित्रें कोणाच्या दप्तरांत आढळल्यास तीं बखरींइतक्याच काळजीनें जपावीं, अशी संग्राहकांस विनंति आहे.