सुगतिपाच्या सत्रातलं तूप

ताम्रपटाचा मजकूर बहुधा साच्यातला. आधी राजवंशाची स्तुती, मग दान, गावाच्या सीमा आणि अखेरीस दान मोडणाऱ्याला नरकाचा धाक. त्यात हाडामांसाचा माणूस सापडणं अवघडच. १९५५ साली बोईसर-तारापूरच्या शेजारी चिंचणीत काही ताम्रपट मिळाले. त्यांतला शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा पट मात्र मला फार आवडतो, तो त्यातल्या एका लहानशा तपशिलासाठी.

राज्य राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राचं. संजाण मंडलाचा अधिकारी मधुमती ऊर्फ ‘सुगतिप’, ताजिक म्हणजे अरब. हा मधुमती म्हणजे मुहम्मद, असं पटाचे संपादक दिनेशचंद्र सरकार यांनी ओळखलं. इंद्राच्या आधीचा राजा दुसरा कृष्ण याने मधुमतीला संजाण दिलं. त्याने आसपासची बंदरं जिंकून तिथे आपली माणसं बसवली. अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने संजाणात देवीची मठिका बांधली होती. तिची डागडुजी आणि नैवेद्य चालावा म्हणून मधुमतीने राजाच्या संमतीने कानाडुक गाव दिलं.

हे वाचून सर्वधर्मसमभावाची पताका नाचवायचा मोह होतो. मी तो आवरतो. परक्या मुलखातल्या अधिकाऱ्याला तिथले ब्राह्मण आणि व्यापारी सांभाळावेच लागतात. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी दान झालंच असतं. मार्क्सवादी इतिहासकार दामोदर कोसंबींच्या वाटेने जाणारा अभ्यासक इथेच पट मिटेल, आणि त्याचं फारसं चुकणार नाही.

पण प्रशस्तीत पुढे येतं की, या सुगतिपाने दोन प्रवाहांवर फुकट नाव चालू केली आणि संजाणात अन्नसत्र घातलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य वाढलं जाई. फुकट नावेने बंदराची वर्दळ वाढते, म्हणजे जकातही वाढते. तो हिशेब मान्य. तूप कुठल्या हिशेबात बसवायचं? स्तुती करणाऱ्या कवीचं काम शौर्य आणि औदार्य या दोन शब्दांत भागलं असतं. इथे पानातल्या जिनसा सांगितल्या आहेत. सत्तेच्या चौकटीत राहूनही एखाद्याने आपल्या मर्जीने काही केलं असेल, तर ते मला इथे दिसतं. पुरावा तोकडा आहे, हे कबूल.

कानाडुकच्या शेतकऱ्यांना मात्र पट फक्त उत्पन्न म्हणून ओळखतो. गाव मठिकेकडे गेलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं होतं का, ते कुरकुरले का, की मालक बदलल्याने त्यांचं काहीच बिघडलं नाही, याला पटात जागाच नव्हती. दान देणाऱ्याची मर्जी तांब्यावर कोरली जाते. ज्यांच्या कष्टावर ते दान चालायचं, त्यांची नाही.